शेतकरी नेत्याचे चरित्र कसे लिहावे: वसंतदादांच्या निमित्ताने

गावातून राज्याच्या राजकारणात गेलेल्या नेत्याचे चरित्र लिहिताना बहुतेकांकडून एक चूक होते. शेती पहिल्या प्रकरणात येते, ‘शेतकरी कुटुंबात जन्म’ एवढ्यावर आटोपते आणि पुढे निवडणुका, मंत्रिपदे व पक्षांतर्गत भांडणे यांखाली कायमची गाडली जाते. ज्याचे राजकारणच बांधावरून सुरू झाले, त्याच्यावर असे चरित्र अन्याय करते, असे मला मनापासून वाटते. हा अन्याय टाळण्यासाठी काय करावे, ते वसंतदादा पाटील यांच्या उदाहरणावरून सांगतो.

लिहिण्यापूर्वी तारखांची एक वही करावी. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्म. सांगलीजवळचे पद्माळे हे गाव. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत कार्य. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून पलायन. १९५२ मध्ये आमदारकी. १९७७ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये मुख्यमंत्रिपद. त्यानंतर राजस्थानचे राज्यपालपद. १ मार्च १९८९ रोजी निधन. प्रत्येक नोंदीसमोर ती कोठून मिळाली हे लिहून ठेवावे आणि जिला ऐकीव माहितीखेरीज आधार नाही, तिच्यापुढे पेन्सिलीने खूण करावी.

कागदपत्रे शोधताना त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर हवा. तुरुंग फोडला गेला तेव्हा सांगली हे संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यामुळे १९५२ च्या निवडणुकीचा निकाल मुंबई राज्याच्या नोंदींत पाहावा लागतो आणि पन्नाशीच्या दशकातील सरकारी कागद ‘दक्षिण सातारा’ या नावाखाली शोधावे लागतात. हे ठाऊक नसलेला अभ्यासक ‘कागद उपलब्ध नाहीत’ असे समजून परत फिरतो.

तुरुंगफोडीसारखा प्रसंग लिहिताना विशेष जपावे. खंदकात घेतलेली उडी, खांद्यात घुसलेली गोळी आणि या प्रयत्नात हुतात्मा झालेले दोन साथीदार हे सारे मुळातच इतके विलक्षण आहे की त्यावर शब्दांची आरास करण्याची गरज नाही. सांगलीला जाऊन, तुरुंग ज्या किल्ल्यात होता त्याचा परिसर स्वतः चालून पाहावा आणि वाट कोणती, उंची किती, नदी कोणत्या अंगाला, हे नोंदवून आणावे. नायकाबरोबर त्या साथीदारांनाही त्यांची स्वतंत्र जागा द्यावी. आपल्याकडील चरित्रांत ती क्वचितच मिळते.

मात्र सर्वांत अधिक पाने उसाला द्यावीत. ऊस तोडला की त्यातील साखर तासागणिक घटू लागते, म्हणून तो शक्यतो एका दिवसाच्या आत गाळपाला जावा लागतो. आडसाली लागण (दीर्घ मुदतीचे नव्याने लावलेले उसाचे पीक) सोळा-अठरा महिने सांभाळलेला शेतकरी तोडलेल्या उसाची गाडी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा भाव ठरवण्याची ताकद त्याच्याकडे उरत नाही. कारखानाच सभासदांच्या मालकीचा असावा, ही मागणी या अगतिकतेतून निघाली. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच दशकात वसंतदादांच्या पुढाकाराने सांगलीत शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ही साखळी वाचकाला उलगडून दाखवली, तर जिल्ह्याचा पुढारी राज्याचा नेता कसा झाला, याचे निम्मे उत्तर त्याला मिळते. यासाठी जुने वार्षिक अहवाल मिळवून गाळप, साखर उतारा (उसातून मिळालेल्या साखरेचे प्रमाण) आणि दिलेला ऊसदर यांचे वर्षवार आकडे उतरवावेत; सभांची इतिवृत्ते मिळाल्यास सभासदांनी विचारलेले प्रश्नही टिपावेत. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये ऊस उत्पादकांनी स्थापलेल्या संशोधन संस्थेला पुढे वसंतदादांचेच नाव दिले गेले, याचा अर्थही मग नीट कळतो.

वृद्ध शेतकऱ्यांच्या मुलाखती घेताना ‘दादा कसे होते?’ असा प्रश्न विचारू नये. उत्तरात केवळ गौरव हाती येतो. त्याऐवजी ‘काका, त्या वर्षी तुमची लागण होती की खोडवा? पहिला हप्ता किती मिळाला? शेअरचे पैसे कोठून उभे केलेत?’ असे विचारावे. (खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेले पीक.) आजोबा क्षणभर थांबतात, बोटांवर हंगाम मोजतात, विकलेल्या बैलाचा किंवा मोडलेल्या दागिन्याचा उल्लेख करतात आणि मग नेत्याबद्दल जे बोलतात, ते खरे असते. सांगितलेली रक्कम अहवालाशी ताडून पाहावी. फरक पडला तर दोन्ही आकडे द्यावेत.

अडचणीची पाने गाळू नयेत. जुलै १९७८ मध्ये शरद पवार बाहेर पडल्याने कोसळलेले वसंतदादांचे सरकार, १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मिळालेल्या परवानग्या आणि त्यातून पुढे वाढलेला शिक्षणाचा खर्च, काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची निवड झाल्यावर १९८५ मध्ये दिलेला मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा, या प्रत्येकाविषयी समर्थक आणि विरोधक दोघांचे म्हणणे विधिमंडळाच्या कार्यवृत्तांतून आणि त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांतून वाचावे. विनाअनुदान धोरणावर आपले मत असेल तर ते स्वतंत्र परिच्छेदात, आपले म्हणूनच लिहावे.

मसुदा पूर्ण झाल्यावर शेतीची प्रकरणे एखाद्या ऊस उत्पादकाला मोठ्याने वाचून दाखवावीत आणि तो जेथे ‘असं नसतं हो’ म्हणेल, तेथे ओळीखाली रेघ मारून पुन्हा अहवालांकडे वळावे.