पोपटी लावायची कशी: दहा जणांसाठी शेंगा, मडकी, जाळ आणि दिवसाची आखणी

नाताळची सुट्टी लागली की अलिबाग, पेण, रोह्याकडे पोपटीचे, म्हणजे वालाच्या शेंगा रानपाल्यासोबत मडक्यात भरून जाळावर भाजायचे, बेत सुरू होतात आणि तिथेच पहिली चूक होते. तारीख सुट्टी बघून ठरते, शेंग बघून नाही. रायगडातला वाल भातकापणी झाल्यावर, शेतात उरलेल्या ओलीवर पेरतात. त्याची शेंग दाण्यांनी भरायला बहुतेक ठिकाणी जानेवारी उजाडतो. २५ डिसेंबरला शेतातला वाल बऱ्याचदा कोवळाच असतो आणि कोवळी शेंग मडक्यात गेली की दाणा सापडत नाही, नुसती सालं चोखावी लागतात. त्यामुळे सुट्टीतच करायची असेल तर बाजारात आलेली भरलेली शेंग निवडून घ्या. तारीख पुढे ढकलता येत असेल, तर जानेवारीतला दुसरा-तिसरा शनिवार केव्हाही उत्तम. तेव्हा वडखळ नाक्यावर गाड्यांची ३१ डिसेंबरसारखी रांगही नसते.

खालचं सगळं प्रमाण दहा माणसांचं आहे, मुलं धरून.

दिवसाची आखणी

पोपटी संध्याकाळची. सकाळ मोकळी असते, आणि अलिबागला आलात तर ती कुलाबा किल्ल्यासाठी ठेवा. आंग्र्यांच्या आरमाराचा हा तळ. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी समुद्र असूनही आत गोडं पाणी आहे. ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जाता येतं, पण कोणत्याही ओहोटीला नाही.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या आसपास भरती, आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते, म्हणून लोक तो दिवस सोयीचा समजतात. पण अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं. ते फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि वाटेत गुडघाभर पाणी राहतं. पौर्णिमा-अमावास्येनंतरची तृतीया ते पंचमी चांगली. पाणी भरपूर उतरतं आणि वेळ सकाळची मिळते. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात परत किनाऱ्याला लागा. हिशोब अंदाजाचा आहे, तेव्हा निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं तयार कोष्टक बघा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा. शुक्ल पक्षातली पंचमी मिळाली तर संध्याकाळी शेतावर थोडं चांदणंही मिळतं. कृष्ण पक्षात चंद्र रात्री उशिरा उगवतो, म्हणून दोन बॅटऱ्या जास्त घ्या.

मुंबईहून गाडीसकट यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो तासाभरात पोचवते. सुट्टीच्या दिवसांत गाडीची जागा आधी राखून ठेवावी लागते.

काय आणायचं

मडकी दोन घ्या, प्रत्येकी दहा-बारा लिटरची. एकच मोठं मडकं आणायचा मोह होतो, पण मोठ्या मडक्यात कडेच्या शेंगा जळतात तरी मधल्या कच्च्या राहतात. शिवाय शाकाहारी मंडळींचं मडकं वेगळं झालं की सगळ्यांचीच सोय होते. तोंड अरुंद हवं, म्हणजे हात जेमतेम आत जाईल इतकंच; रुंद तोंडाचं मडकं उलटं केलं की आतला पाला निसटतो. बोटाने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर चीर आहे. पाण्यासाठी वापरात असलेलं मडकं आणलंत तर ते दोन दिवस उन्हात वाळू द्या. मातीत मुरलेल्या पाण्याची जाळावर वाफ होते आणि मडकं तडकतं.

वालाच्या शेंगा चार किलो. शेंग हिरवी, पण हाताला दाण्याचा फुगीरपणा लागला पाहिजे. पिवळी पडलेली निबर शेंग शिजत नाही. शेंगा सोलायच्या नाहीत, शिरा काढायच्या नाहीत. फक्त धुऊन किडकी बाजूला करा.

अर्धा किलो छोटे बटाटे, अर्धा किलो रताळी, मिळालं तर थोडं कोनफळ. दीड किलो कोंबडी, मोठे तुकडे करून. दहा अंडी. चार मोठे चमचे ओवा, जाडं मीठ पाव किलो (सगळं लागत नाही), केळीची सहा-सात पानं.

आणि भांबुर्डा. कुणी भांबुर्डी म्हणतं, कुणी भामरूड. भातशेतीच्या बांधांवर आणि पडीक जागेत थंडीत आपोआप उगवणारं हे उग्र वासाचं, लवदार झुडूप. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पोपटीला मात्र त्याच्यावाचून पोपटीपण येत नाही. मडक्यात पाणी नाही, तेल नाही; जी वाफ होते ती शेंगांच्या आणि या पाल्याच्या ओलाव्याची. म्हणून पाला ताजा हवा. सकाळी उपटून उन्हात टाकलेला पाला संध्याकाळपर्यंत सुकतो आणि शेंगा करपतात. प्रत्येक मडक्याला दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा भारा लागतो. मुळं तोडून, माती झटकून, पाणी शिंपडून ओल्या गोणपाटात ठेवा. ओळख पटत नसेल तर गावातल्या माणसाला दाखवल्याशिवाय कुठलाही रानपाला मडक्यात घालू नका. हंगामात शेंगा विकणाऱ्या बायकांकडे मागितला की बहुधा मिळतो.

मसाला आणि भरणी

कोंबडीला दुपारी दोनच्या सुमारास मसाला लावा. आलं-लसणाचं वाटण तीन मोठे चमचे, सहा-सात हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर वाटून, हळद एक चमचा, घरचा लाल मसाला दोन चमचे, दोन लिंबांचा रस, मीठ. दह्याने पाणी सुटतं, म्हणून दही नको. तुकड्यांना हाडापर्यंत चिरा द्या. मसाला लावलेली कोंबडी भरणीपर्यंत बर्फाच्या डब्यात राहू द्या, पण भरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. बर्फगार मांस मडक्याच्या मध्यभागी शिजायला फार वेळ घेतं. तीन-चार तुकड्यांची एक अशी केळीच्या पानात पुडी करा आणि केळीच्याच सोपटाने बांधा. पुडीमुळे रस्सा शेंगांत उतरत नाही आणि उलगडताना तुकडे राखेत पडत नाहीत. प्लास्टिकची सुतळी अर्थातच नको.

शेंगा ओल्या असतानाच त्यांना मीठ-ओवा चोळा: किलोला एक मोठा चमचा ओवा, दीड चमचा मीठ. कोरड्या शेंगांवर मीठ टिकत नाही, तळाशी गोळा होतं. बटाट्यांना सुरीने दोन-दोन चिरा द्या आणि त्यात मीठ भरा.

भरणी संध्याकाळी पाचला. तळाशी चार बोटं जाडीचा भांबुर्डा दाबून बसवा. शाकाहारी मडक्यात त्यावर शेंगांचा थर, मग बटाटे-रताळी, पुन्हा शेंगा, असं करत अडीच किलो शेंगा जातील. दुसऱ्या मडक्यात पाल्यावर थोड्या शेंगा, मग पुड्या, त्यांच्या भोवती शेंगा, मग पाल्याचा पातळ थर आणि त्यात अंडी, वर उरलेल्या शेंगा. अंडी कच्चीच जातात. ती मडक्याच्या भिंतीला टेकली की फुटतात, म्हणून चारी बाजूंनी पाला हवा. थर ठोकून दाबू नका. वाफ फिरायला फटी लागतात.

तोंड मात्र याच्या अगदी उलट. उरलेला भांबुर्डा मुठीत पिळून, गच्च कोंबून तोंड बंद करा, इतकं की मडकं उलटं करून हलवलं तरी काही हलता कामा नये. पाला सैल राहिला तर वाफ जाते, राख आत शिरते.

जाळ

जागा नांगरलेली किंवा गवत काढलेली हवी. सगळ्या बाजूंनी दहा फूट तरी मोकळी. जानेवारीत कापणीनंतरचं रान वाळलेलं असतं आणि एक ठिणगी शेजाऱ्याच्या पेंढ्याच्या उडवीपर्यंत पोचते. शेतमालकाला आधी विचारा, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. वारा जोराचा असेल तर थांबा. सूर्यास्ताच्या सुमारास समुद्राकडचा वारा बहुधा पडतो, तेव्हा सव्वासहा ही चांगली वेळ.

जमिनीत वीतभर रुंद, चार बोटं खोल खळगा करा आणि त्यात मडक्याचं तोंड बसेल असं मडकं पालथं ठेवा. डुगडुगत असेल तर विटांचे तुकडे टेकवा. नदीतले गोटे नकोत, तापून फुटतात. दोन मडक्यांत एक वीत अंतर ठेवा. पालथं का? वाफ वर चढते आणि मडक्याच्या बंद बुडाशी कोंडली जाते. सुटलेला रस खाली तोंडाशी पाल्यात मुरतो, तळाला लागून जळत नाही.

भोवती आधी पेंढा, मग काटक्या, नारळाच्या वाळक्या झावळ्या, बाहेरून आठ-दहा गोवऱ्या. दोन्ही मडक्यांना मिळून पंधरा किलोच्या आसपास जळण पुरतं. मडकं पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. जाळ एकाच बाजूने पेटवू नका. चार ठिकाणी काडी लावा. एक बाजू तापली आणि दुसरी थंड राहिली की मडकं फुटतं, आणि नाही फुटलं तरी अर्ध्या शेंगा काळ्या, अर्ध्या कच्च्या निघतात. ओंडके घालू नका. ते उशिरा पेटतात, शेंगा शिजून गेल्यावरही जळत राहतात. रॉकेल-पेट्रोल तर नाहीच; त्याचा वास पाला आणि शेंगा दोन्ही धरतात.

पहिली वीस मिनिटं जाळ भडकता राहू द्या, मग ज्या बाजूला विझत असेल तिथे काटक्या सारत राहा. शाकाहारी मडक्याला अर्धा-पाऊण तास, कोंबडीच्या मडक्याला पाऊण तास ते पन्नास मिनिटं. घड्याळापेक्षा दोन खुणा महत्त्वाच्या. भांबुर्डा-ओव्याचा वास एकदम दरवळायला लागतो; आणि बुडावर पाण्याचे चार थेंब शिंपडले की चर्र होऊन क्षणात वाळतात. थेंबच हं, तांब्या ओतलात तर मडकं तिथेच दुभंगेल.

उघडताना

भाजण्याचे प्रकार बहुतेक इथेच घडतात. निखारे लांब काठीने बाजूला करा, पाच मिनिटं थांबा. ओल्या, पण पिळलेल्या गोणपाटाने दोघांनी मडकं आडवं करा, तोंडाजवळची राख झटका आणि मगच चिमट्याने पाला ओढा. कोंडलेली वाफ एकदम बाहेर येते. तोंड माणसांकडे नको, मुलं मागे. केळीच्या पानांवर सगळं ओता.

आधी एक पुडी उघडून हाडाजवळ तपासा. मांस गुलाबी दिसलं किंवा रस लालसर आला तर सगळ्या पुड्या निखाऱ्यांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मडकं पुन्हा भरायच्या भानगडीत पडू नका. शेंग दोन बोटांनी दाबल्यावर दाणा मेणासारखा दबला पाहिजे. कडक राहिला तर मुलांना देऊ नका, पोट दुखतं. शेंगा गरम असतानाच खा, गार झाल्या की साल चिवट होते. सोबत लिंबू, कांदा आणि तांदळाची भाकरी पुरे. चटण्या-सॉसची रांग लावली की भांबुर्ड्याचा वास हरवतो.

उरलेल्या शेंगा त्याच रात्री सोलून दाणे फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्यावर त्यांची उसळ होते, मीठ मात्र चाखून घाला. आणि निघण्यापूर्वी निखाऱ्यांवर दोन्ही बादल्या ओता, राख काठीने उकरा, पुन्हा पाणी मारा. गोवरीचा निखारा वरून विझलेला दिसतो आणि आत पहाटेपर्यंत धुमसत राहतो.