घोड्याचा ट्रेलर घेताना काय काय तपासावं

ट्रेलर बघायला जाण्याआधी दोन गोष्टी करा: घोड्याचं माप घ्या आणि ओढणाऱ्या गाडीची पुस्तिका उघडा. गाडी ट्रेलर ओढेल का, हे सगळे विचारतात. उतारावर तो थांबवता येईल का, हा खरा प्रश्न.

वजनाचा हिशोब असा. मध्यम बांध्याचा घोडा 450 ते 550 किलोचा असतो. दोन घोडे धरा 1000 किलो, रिकामा ट्रेलर 1200, खोगीर-पाणी-वैरण 150. झाले 2350 किलो. यावर वीसेक टक्के मोकळीक हवीच, कारण हे सामान जिवंत आहे. वळणावर ते पाय बदलतं, आणि तो झोका गाडीपर्यंत येतो. म्हणजे गाडीची ओढण्याची क्षमता 2900 किलोंच्या आसपास असावी. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या सांध्यावर, उभा पडणारा भारही बघा. अमेरिकी धाटणीच्या साध्या ट्रेलरमध्ये तो भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असतो, युरोपीय धाटणीत बराच कमी. तुमच्या गाडीच्या हिचला किती चालतो, ते त्याच पुस्तिकेत मिळेल. हा भार कमी पडला की वेग वाढताच ट्रेलरची शेपटी डोलू लागते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि हिच सुटलीच तर आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेकही. तो विजेचा असेल तर त्याची बॅटरी चार्ज आहे का, हे तिथेच तपासा.

आता आतली जागा. खांद्याशी 16 हँड, म्हणजे 64 इंच, उंचीच्या घोड्याला आतून 7 फूट उंची लागते. त्याहून उंच असेल तर साडेसात. छत बुटकं असलं की घोडा एकदा डोकं आपटून घेतो आणि पुढच्या वेळी चढायलाच नकार देतो. मधली आडभिंत जमिनीपर्यंत नको. तोल सांभाळायला घोडा पाय फाकवतो. ते जमलं नाही तर तो घाबरून भिंतीवर धडपडतो. लांबच्या प्रवासात डोकं खाली घेता येणंही तितकंच महत्त्वाचं, कारण मान उंच बांधलेली राहिली तर श्वसनमार्गातला कचरा बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसांना संसर्ग होऊ शकतो. लघवीच्या अमोनियाचाही त्रास असतोच, म्हणून छतावर झडपा आणि दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या खिडक्या बघून घ्या.

सरळ की तिरके कप्पे? सरळ कप्प्यात घोडा प्रवासाच्या दिशेने तोंड करून उभा राहतो, तिरक्यात कोनात. तिरक्या कप्प्याची लांबी ट्रेलरच्या रुंदीवर ठरते, त्यामुळे मोठा घोडा त्यात आखडून उभा राहतो. शिवाय पुढच्या घोड्याला काही झालं तर आधी मागचे सगळे उतरवावे लागतात. एक-दोन मोठ्या घोड्यांसाठी आम्ही सरळ कप्पेच सुचवू.

जुना ट्रेलर घेताना रंगाकडे बघू नका, तळाकडे बघा. रबरी चटया पूर्ण उचलायला लावा. विकणारा टाळत असेल तर तिथूनच परत फिरा. चटईखाली लघवी साचते, लाकूड कुजतं, अॅल्युमिनियमला खड्डे पडतात, आणि वरून काहीच दिसत नाही. पातळ स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक फळी टोचा, विशेषतः कडांना आणि मागच्या पायांच्या जागी. टोक सहज रुतलं तर फळी गेली. मग ट्रेलरखाली आडवे होऊन आडव्या पट्ट्या आणि वेल्डिंगचे जोड टॉर्चने बघा. अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी सांगाड्याला थेट टेकतो तिथे गंज लवकर धरतो.

टायरची नक्षी फसवी असते. ट्रेलर महिनोन्महिने उभा राहतो, नक्षी कोरी दिसते, रबर मात्र तडकलेलं असतं. बाजूवरच्या चार आकडी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुने टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

चढ-उतारासाठी रॅम्प असावा की पायरी, हे घोड्याच्या सवयीवर सोडा. रॅम्प घसरडा किंवा फार उभा मात्र नको. घोड्याच्या मागे लागणारा आडवा दांडा बाहेरून, घोडा त्यावर रेलला असतानाही सुटतो का, हे स्वतः जोर लावून बघा. शक्य असेल तर व्यवहाराआधी आपला घोडा घेऊन जा. चढवताना आधी मागचा दांडा लावायचा, मग दोर बांधायचा. उतरवताना आधी दोर सोडायचा, मग दांडा. एकट्या माणसाला हा क्रम पाळता येत नसेल, तर त्या ट्रेलरची रचना तुमच्या कामाची नाही.