बराकीच्या ओल्या भिंतीला सिमेंट लावू नका

छावणीतल्या आमच्या शाळेचा हॉल म्हणजे मूळची गोऱ्या शिपायांची बराक. मी तिथे तीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यातली शेवटची दोन गवंड्यांच्या मागे उभं राहण्यात गेली. अशी इमारत तुमच्या वाट्याला आली, तर थापी उचलण्याआधी मान वर करा.

आढ्यालगत झडपा दिसतील, भिंतीत उंचावर झरोके. ते शोभेचे नाहीत. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८६३मध्ये अहवाल दिला, त्यात हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ होता. बहुतेक मरत ते तापाने, हगवणीने, पटकीने. पुढच्या बराकी मग उंच जोत्यावर, रुंद व्हरांड्यांच्या, आरपार वाऱ्याच्या झाल्या. आमचे झरोके कबुतरांना वैतागून कुणीतरी विटांनी बुजवलेले. ते उघडून जाळी ठोकली, तसा कुबट वास हटला.

मग पाण्याची वाट शोधा. फुटकी कौलं, तुंबलेली पन्हळ, जोत्याला टेकलेली माती. कौल काढलंच तर उलटं करून छाप बघा. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना १८६५चा, म्हणजे तो छाप असलेलं कौल त्याआधीचं नाही. शाबूत कौलं जपून ठेवा, नवी त्या मापात बसत नाहीत.

आता भिंत. आमच्याकडे आधीच्या ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा मारला होता. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे आले आणि त्यांच्यासोबत विटेचं तोंडही. सिमेंट ओल कोंडतं, लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, आतच धरतो आणि वीट भुगा होते. चुना ओल बाहेर सोडतो.

कळीचा चुना पाण्यात टाका. चुन्यावर पाणी ओतू नका. उकळून उडतो, डोळ्यांना चष्मा हवाच. किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. विटांमधल्या सैल दरजा, म्हणजे सांधे, इंचभर खरवडा, भिंत भिजवा, एक भाग चुना नि तीन भाग धुतलेली वाळू दाबून भरा. आमच्या गवंड्याने गूळ आणि हिरड्याचं पाणीही घातलं. मी आड आलो नाही.

काम दिवाळीनंतर काढा. ताज्या चुन्यावर ओलं गोणपाट टांगा, ऊन लागू देऊ नका. हेडमास्तर रोज विचारत, “अजून किती?” मी गोणपाटावर पाणी मारत राहायचो.