गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यातल्या या चुका टाळा

उलट्या थांबलेल्या असतात, अन्नाचा वास नकोसा वाटत नाही, पोट आता दिसायला लागलेलं असतं. विसाव्या आठवड्यात गर्भाशय बेंबीपर्यंत येतं आणि बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण २५ सेंटीमीटर असतं. नऊ महिन्यांतला बहुतेकींचा सगळ्यात बरा काळ हाच, आणि म्हणूनच तपासण्या पुढे ढकलल्या जातात.

त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक मोजणीची. घरात महिने मोजतात, डॉक्टर आठवडे. “पाच महिने पूर्ण होऊ देत, मग सोनोग्राफी करू,” असं सासूबाई म्हणतात. पण पाच महिने भरतात तेव्हा शेवटच्या पाळीपासून जवळजवळ २२ आठवडे उलटलेले असतात. बाळात व्यंग आहे का ते पाहणारी सोनोग्राफी, म्हणजे अ‍ॅनोमली स्कॅन, १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी. पाचवा महिना लागला की लगेच नंबर लावा; चांगल्या सेंटरला आठ-आठ दिवस थांबावं लागतं.

एवढी घाई का? काही शंका आली तर बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी किंवा गर्भजलाची चाचणी करावी लागते, आणि तिचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठीच आणि दोन डॉक्टरांच्या मतानं, त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. बहुतेकींवर ही वेळ येत नाही. पण आली तर विचार करायला हाताशी दिवस हवेत.

“डबल मार्कर नॉर्मल आलाय, मग ही कशाला?” हा प्रश्न नेहमीचा. डबल मार्कर ही रक्ताची चाचणी गुणसूत्रांच्या दोषाचा नुसता अंदाज देते. हृदयाचे कप्पे, मणका, मूत्रपिंडं, ओठ हे सगळं सोनोग्राफीतच दिसतं. बाळ पाठ फिरवून बसलं असेल तर “फिरून या, काहीतरी खाऊन या” असं सांगतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रिपोर्ट हातात पडल्यावर तो मोबाइलवर शोधत बसणं ही पुढची चूक. ‘वार (प्लॅसेंटा) खाली आहे’ एवढं वाचून कित्येकी खाटेला खिळतात. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते. साधारण ३२ आठवड्यांना पुन्हा पाहतात. रक्तस्राव नसेल तर अंथरुणाला खिळायची गरज सहसा नसते. मात्र प्रवास आणि शरीरसंबंधांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. या रिपोर्टमध्ये बाळंतपणाची तारीख आठवडाभर इकडेतिकडे दिसली तरी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीनं ठरलेलीच धरायची. आणि ठोक्यांवरून मुलगा-मुलगी ओळखणाऱ्या काकूंचं मनावर घेऊ नका. सेंटरमध्ये तर विचारूही नका. १९९४ च्या कायद्यानुसार लिंगनिदान गुन्हा आहे आणि त्यासाठी मागे लागणारे नातेवाईकही त्यात अडकतात.

पोटातली हालचाल पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळते, तीही गॅस फिरल्यासारखी. वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशीर लागतो. जावेला सोळाव्या आठवड्यात कळलं असेल, पण तिची दुसरी खेप होती. दिवसाला लाथा मोजायचं काम सातव्या महिन्यानंतरचं. २४ आठवड्यांपर्यंत काहीच जाणवलं नाही तर मात्र दाखवून या.

आता गोळ्या. लोहाची लाल गोळी सकाळच्या चहाबरोबर, वर लगेच कॅल्शियम, हा प्रकार घरोघरी चालतो आणि मग हिमोग्लोबिन ११ च्या वर का जात नाही म्हणून आश्चर्य वाटतं. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. जमेल असं वेळापत्रक सांगते: नाश्त्यानंतर एक कॅल्शियम, रात्रीच्या जेवणानंतर दुसरी. दुपारी एकला जेवण, अडीचला लिंबूपाण्याबरोबर लोह, आणि चारचा चहा थोडा पुढे ढकला. शौचाला काळी होणारच. बद्धकोष्ठता असह्य झाली तर गोळी परस्पर बंद करू नका, बदलून मागा.

‘दोन जिवांचं खा’ म्हणून ताट दुप्पट वाढायला नको. रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक-दोन पोळ्या आणि वाटीभर उसळ. साखरेची ग्लुकोज पिऊन करायची तपासणी आधी झाली असली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते.

कंबर दुखणं, उठताना जांघेत चमक येणं, रात्री पोटऱ्यांत गोळे येणं हे चालायचंच. पण रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, थांबून-थांबून पोट कडक होणं, ताप आणि लघवीला जळजळ, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, किंवा रक्तदाब १४०/९० च्या पुढे, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल, गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.