डब्लर किट निवडताना: रेशो, स्प्लाइन आणि शाफ्टचा कोन

डब्लर म्हणजे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणारी पेटी) यांच्या मध्ये बसणारी आणखी एक लो रेंजची पेटी. तिला स्वतःचा हाय (१:१) आणि लो असतो. दोन्ही पेट्या लोमध्ये टाकल्या की रेशोंचा गुणाकार होतो आणि ट्रक दगडांवरून ब्रेक न लावता रांगू लागतो. किट मात्र फक्त हा गुणाकार पाहून घेऊ नका. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दात) जुळत नाहीत किंवा ॲक्सलकडे जाणारा मागचा शाफ्ट आखूड होतो म्हणून.

तरी हिशेब आधी करा. गिअरबॉक्सचा पहिला गिअर × डब्लर × ट्रान्सफर केसचा लो × ॲक्सल रेशो, म्हणजे एकूण क्रॉल रेशो. एसएम ४६५ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ६.५५, एनपी २०५ ट्रान्सफर केसचा लो १.९६ आणि ॲक्सल ४.५६ धरला तर डब्लरशिवाय ५८.५ येतात. २.० चा डब्लर लावला की ११७, २.७२ चा लावला की १५९. वेग काढायचा तर इंजिनचे आरपीएम × टायरचा व्यास इंचांत × ०.००४७९, भागिले हा रेशो. उत्तर किमी प्रतितास. ३७ इंची टायर आणि ८०० आरपीएमवर ५८.५ ला २.४, ११७ ला १.२ आणि १५९ ला ०.९ किमी वेग मिळतो. पहिल्या गिअरचा रेशो इतका मोठा असेल तर ११७ च्या पुढे जायची गरज सहसा नसते. ऑटोमॅटिकचे गणित वेगळे आहे. टीएच ४०० चा पहिला गिअर २.४८ आहे, त्यामुळे हाच ट्रक २.७२ लावूनही ६० पर्यंतच येतो. टॉर्क कन्व्हर्टर जोर वाढवतो हे खरे, पण उतारावर इंजिन ब्रेकिंगसाठी त्याची मदत होत नाही. तिथे मोठा रेशोच हवा.

आता एक गोष्ट, जी निवडताना हमखास सुटते. एनपी २०३ ट्रान्सफर केसची रेंज पेटी डब्लर म्हणून (२.०) आणि मागे एनपी २०५ (१.९६) ही जुनी, दणकट जोडी आहे. दोन्ही ओतीव लोखंडाच्या, दोन्हींत गिअरला थेट गिअर लागलेला. पण दोन रेशो जवळजवळ सारखेच असल्याने चार जोड्यांतून खऱ्या अर्थाने तीनच रेंज मिळतात: १, साधारण २ आणि ३.९२. २.७२ ची प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारी) पेटी असेल तर १, १.९६, २.७२ आणि ५.३३ अशा चार वेगळ्या रेंज होतात. चिखलात किंवा वाळूत चाक जोरात फिरवायचे असते, तिथे २.७२ ची मधली रेंज फार कामाची. म्हणून दगड आणि चिखल दोन्हींत चालणाऱ्या ट्रकला आमचा कल २.७२ कडे आहे. प्लॅनेटरीत तीन पिनियनपेक्षा (म्हणजे ते छोटे गिअर) सहा पिनियनचा संच भार जास्त वाटून घेतो. किटसोबत कोणता येतो ते विचारा.

डब्लरने वाढलेला टॉर्क मागच्या केसला सोसावा लागतो. ४०० एनएमचे इंजिन, ६.५५ आणि ३.९२ धरले तर केसमधून १०,००० एनएमच्या वर बाहेर पडू शकतात. मागे चेनवाली केस असेल तर चेन ताणते, मग दात सोडते. पुढची चाके अडकलेली असताना हे आधी होते. तिथे पूर्ण गिअरची केसच हवी. त्यानंतरचा कच्चा दुवा शाफ्टचे क्रॉस (टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट). १३१० च्या जागी १३५० मापाचे बसवण्याचा खर्च आधीच धरा.

स्प्लाइन मोजायच्या त्या हातातल्या केसवर. जीएमच्या एनपी २०५ ला इनपुटला १०, २७ किंवा ३२ स्प्लाइन असतात, टोयोटाच्या जुन्या केसला २१ किंवा २३. गाडीचे वर्ष पाहून अंदाज करू नका, कारण मधल्या मालकाने गिअरबॉक्स बदललेला असू शकतो. गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट किती बाहेर येतो, केसच्या तोंडावरचे बोल्ट कसे मांडले आहेत आणि पुढचे डिफरन्शियल डावीकडे आहे की उजवीकडे, एवढे लिहून मगच ऑर्डर द्या.

मग टेप घेऊन गाडीखाली जा. गाडी चाकांवर उभी असू द्या, जॅकवर नको. समजा केसचा आउटपुट आणि मागच्या ॲक्सलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडतो तो) यांच्या उंचीत १० इंचांचा फरक आहे. शाफ्टची आडवी लांबी ४० इंच असेल तर कोन १४ अंश. डब्लरने ८ इंच खाल्ले की तो १७ अंशांच्या वर जातो. साधा क्रॉस तिथे थरथरतो आणि लवकर संपतो. डबल कार्डन जॉइंट (दोन क्रॉस एकत्र असलेला) लावा आणि पिनियन वर वळवून त्याची रेषा शाफ्टच्या जवळजवळ सरळ आणा. आखूड चेसिसवर हे जमत नसेल तर डब्लर सोडून मोठ्या लो रेशोची एकच केस घेणे बरे.

केस वर फिरवून बसवली की जमिनीपासूनची उंची वाढते, पण पुढचा शाफ्ट सायलेन्सरच्या पाइपला किंवा गिअरबॉक्सच्या पॅनला घासू शकतो. ऑइलची लेव्हलही बदलते, कारण भरायचे छिद्र जागा सोडते.

एनपी २०५ एकटीच ६० किलोच्या आसपास. तिच्यापुढे आणखी एक पेटी आली की सगळा भार गिअरबॉक्सच्या शेपटीवर लोंबतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडॉप्टर तडकतो. मागच्या केसखाली आधार हवाच, तोही रबर किंवा पॉलियुरेथेन बुशवर. घट्ट वेल्ड केलेला आधार चेसिस पिळताना हाउसिंगच फोडतो.

जोडताना दोन हाउसिंगची तोंडे हाताने पूर्ण मिटली पाहिजेत. फट राहिली आणि ती बोल्टने ओढून घेतली, तर शाफ्टचा दाब बेअरिंगवर येऊन ते जळते. उघडा, कुठे अडते ते शोधा. प्लॅनेटरी पेटीत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) आणि एनपी २०५ मध्ये गिअर ऑइल असेल तर मधले सील नवेच टाका. एका पेटीची लेव्हल उतरून दुसरीची वाढलेली दिसली तर ते सील गेले आहे. दोन्हींना वेगळे ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचे छिद्र) द्या आणि नळ्या उंच न्या.

डब्लर न्यूट्रलमध्ये असताना गिअरबॉक्सचा 'पार्क' किंवा टाकलेला गिअर चाकांना धरून ठेवत नाही, ट्रक मोकळा घरंगळतो. त्यामुळे हँडब्रेक चढावर पूर्ण धरतो की नाही, हे किट बसवण्याआधी तपासा. डब्लरचा लिव्हर सहज धक्का लागेल अशा जागी नको.