घानात ज्येष्ठ मिशनरी जोडपे म्हणून जाताना

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सतर्फे (लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात) निवृत्तीनंतर घानात सेवेला जायचा विचार असेल, तर आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही तिथे मदतनीस म्हणून जाता. चर्च चालवायला तिथली माणसे समर्थ आहेत. केप कोस्ट शहरात घानाच्याच बिली जॉन्सन यांनी 1964 पासून स्वतःच्या हिमतीवर मंडळ्या उभ्या केल्या होत्या. 1978 च्या अखेरीस नायजेरिया आणि घानात चर्चचे पहिले मिशनरी पोहोचले. तीही मेबी आणि कॅनन ही दोन वयस्क जोडपीच होती. पुढे जून 1989 ते नोव्हेंबर 1990 सरकारने चर्चच्या कामावर बंदी घातली आणि परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. तो काळ स्थानिक सभासदांनी घरोघरी उपासना करून निभावला. आज तिथले बिशप (एका मंडळीचे प्रमुख) आणि स्टेक प्रेसिडेंट (अनेक मंडळ्यांच्या गटाचे प्रमुख) घानाचेच आहेत, राजधानी अक्रात 2004 पासून चर्चचे मंदिरही आहे. म्हणून नव्या जोडप्याने पहिले काही आठवडे सभेत मागच्या बाकावर बसून नुसते ऐकावे. खुर्ची पुढे केली जाईल, कारण वयाला तिथे फार मान आहे. ती घेतलीत की बिशपच्या वाटचे निर्णय हळूहळू तुमच्याकडे यायला लागतात, आणि तुम्ही परतलात की सगळे अडते.

अर्ज बिशप आणि स्टेक प्रेसिडेंटमार्फत जातो. वैद्यकीय आणि दातांच्या तपासणीचे फॉर्म त्यातच असतात. मुदत 6, 12, 18 किंवा 23 महिने यांतून निवडता येते. देश किंवा कामाबद्दल पसंती कळवता येते, पण नेमणूक चर्च करते. खर्च तुमचा तुम्ही करायचा. तरुण मिशनऱ्यांसारखे वेळापत्रक किंवा दारोदार फिरण्याची सक्ती जोडप्यांवर नाही. मिशन ऑफिसचा हिशेब, तरुण मिशनऱ्यांची घरे, आरोग्य, मंदिर, मानवतावादी प्रकल्प, स्थानिक नेत्यांना साथ अशी कामे वाट्याला येतात. दोघांपैकी एकालाच उत्साह असेल तर मात्र जाऊ नये. दुसरा माणूस दिवसभर फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून कंटाळतो, आणि मुदतीआधी परतायची भाषा तिथूनच सुरू होते.

आता तब्येत. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र नसेल तर घानात प्रवेश मिळत नाही. लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हाच प्रमाणपत्र लागू होते; मग ते आयुष्यभर चालते. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यामुळे अंड्याची ॲलर्जी, थायमसचा (छातीतल्या ग्रंथीचा) विकार, चालू औषधे हे सगळे डॉक्टरांना सांगूनच ती घ्या. भारतातून जाणाऱ्यांनी प्रमाणपत्र पासपोर्टला जोडूनच ठेवावे. परतताना ते दाखवता आले नाही, तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

मलेरियाची प्रतिबंधक गोळी पूर्ण मुदतभर चालू ठेवायची असते. सहा महिने काही झाले नाही म्हणून ती सोडणारे बरेच असतात, आणि आजारी तेच पडतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची आणि परतल्यावर 7 दिवस चालू ठेवायची. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते, पण उन्हाने कातडी भाजते, परतल्यावर 4 आठवडे घ्यावी लागते, आणि गोळी घेऊन लगेच आडवे झाले तर अन्ननलिकेला फोड येतात. गोळी चालू असली तरी ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. 'थकवा असेल' म्हणून दोन दिवस काढणे या वयात महागात पडते. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे मूळ औषधाच्या नावाच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत न्या. व्होल्टा सरोवराच्या पाण्यात पाय घालू नका, तिथे बिलहार्झिया (पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या कृमींचा आजार) आहे.

तरुणांच्या घरांची तपासणी तुमच्याकडे आली, तर मच्छरदाणीची भोके, गॅसची नळी आणि पाण्याचा फिल्टर या तीन गोष्टी आधी बघा. फिल्टर कँडलचा असतो आणि पोरे तो साबणाने घासतात. साबण मातीच्या छिद्रांत बसतो, पाण्याला वास येतो. कँडल नुसत्या स्वच्छ पाण्याखाली मऊ ब्रशने, बुडाच्या नळीचे तोंड वर धरून घासायची, म्हणजे घाण आत जात नाही. परत बसवताना वॉशर सरळ बसला पाहिजे. तो सैल राहिला, की वरच्या भांड्यातले पाणी न गाळताच खाली उतरते. पाणी एकाएकी भराभर पडू लागले तर खुश होऊ नका: एक तर वॉशर गेला आहे, नाही तर कँडलला तडा आहे. तडकलेली कँडल फेकायची, चिकटवायची नाही. नवीन कँडलचे पहिले दोन भांडी पाणी ओतून द्यायचे.

वीज जाते, त्याला तिथे 'डमसोर' म्हणतात. वीज गेली की पंप बंद, म्हणून गच्चीवरची पॉलीटँक (प्लास्टिकची पाण्याची टाकी) भरली आहे का हे सकाळीच पाहायचे. व्होल्टेज 230 आहे. प्लग ब्रिटिश चौकोनी पिनांचे, काही ठिकाणी आपल्यासारख्या गोल पिनांचेही असतात. फ्रिजला स्टॅबिलायझर हवाच. नोव्हेंबर ते मार्च सहारातून हरमॅटनचा धुळीचा वारा येतो. ओठ फुटतात, दमा असलेल्यांना त्रास होतो, इनहेलर जास्तीचा न्या.

भाडेकराराचे काम आले तर घरमालक एक-दोन वर्षांचे भाडे आगाऊ मागतो. कायद्यात सहा महिन्यांहून जास्त आगाऊ मागायला मनाई आहे, पण व्यवहार वेगळाच चालतो. घासाघीस स्थानिक सभासदाकडून करून घ्या, परदेशी चेहरा दिसला की आकडा वाढतो. पैसे थोडे-थोडेच बदलून घ्या. डिसेंबर 2022 मध्ये महागाई 54 टक्क्यांवर गेली होती, हातातल्या सेडीची (घानाच्या चलनाची) किंमत केव्हा घसरेल याचा नेम नाही. किरकोळ व्यवहार बहुतेक मोबाइल मनीवरच होतात.

वाहतूक उजव्या बाजूने. भारतात गाडी चालवण्याची सवय असलेल्यांनी पहिले काही दिवस शेजारी बसूनच रस्ता बघावा. चौकात वळताना हात जुन्या सवयीने डावीकडे जातो. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी काढू नये. दिवे नसलेले बंद पडलेले ट्रक रस्त्यातच उभे असतात. पायी चालताना रस्त्याकडेची उघडी खोल गटारे सांभाळा.

डावा हात कशालाही वापरू नका, ना काही द्यायला, ना हात हलवायला. खोलीत शिरल्यावर सर्वांना नमस्कार झाल्याशिवाय कामाचे बोलू नये, आणि हस्तांदोलन उजवीकडच्या माणसापासून सुरू करावे. अंत्यविधी बहुधा शनिवारी, काळ्या-लाल कपड्यांत, मोठ्या गर्दीत होतो. त्या दिवशी चर्चचा कार्यक्रम ठेवला तर कोणी येणार नाही, आणि रागही धरतील.

जेवणाची काळजी मराठी माणसाने फारशी करू नये. उत्तरेकडे ज्वारी-बाजरी पिकते, कोंतोमिरे ही भाजी अळूच्याच कुळातली, शेंगदाण्याचे सूप सगळीकडे मिळते. डाळी, मसाले, कणीक अक्रा आणि कुमासीतल्या भारतीय दुकानांत असतात. शितो मात्र जरा जपून: मिरच्यांच्या या काळसर चटणीत सुकी मासळी असते, शाकाहारी असाल तर आधी विचारा.