फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत जैविक सीलंट कसे वापरावे

कर्करोगग्रस्त खंड काढल्यावर उरलेल्या फुप्फुसातून हवा गळत राहणे ही नेहमी आढळणारी गुंतागुंत असून, गळती 5 दिवसांपुढे गेली की तिला दीर्घकालीन म्हटले जाते. जैविक सीलंटने, म्हणजे गळती बुजवण्यासाठी फुप्फुसावर लावायच्या प्रथिनांच्या गोंदाने किंवा पॅचने, ती कमी होते. मात्र सरसकट वापराने रुग्णालयातला मुक्काम हमखास घटतो असे अभ्यासांतून दिसलेले नाही. त्यामुळे ते कोणासाठी वापरायचे, हे आधी ठरवावे.

एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होणे), दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड, फुप्फुसाच्या खंडांना वेगळी करणारी फट अपुरी असणे आणि छातीच्या भिंतीला चिकटलेले फुप्फुस ही धोक्याची मुख्य कारणे आहेत. मुंबईत शेवटचे कारण विसरून चालत नाही, कारण पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्या रुग्णाचे फुप्फुस अनेकदा घट्ट चिकटलेले असते आणि ते सोडवताना आवरण फाटते. अशा रुग्णाच्या नातेवाइकांशी सीलंटच्या किटच्या खर्चाबद्दल आदल्या दिवशीच बोलावे; छाती उघडी असताना त्यांच्या हातात चिठ्ठी देऊन औषधाच्या दुकानात पिटाळणे कोणाच्याच हिताचे नाही. फायब्रिन ग्लू मानवी प्लाझ्मापासून बनतो, काही पॅचमधले कोलॅजन घोड्याचे असते, तर काही सीलंटमध्ये गोवंशाच्या रक्तातील अल्ब्युमिन असते. संमती घेताना हे स्पष्ट सांगावे, कारण आपल्याकडे काही कुटुंबांसाठी हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा असतो.

स्टेपल व टाके झाल्यावर छातीत कोमट सलाइन भरावे आणि भूलतज्ज्ञांना फुप्फुस पाण्याच्या 20 ते 25 सेंटीमीटर दाबापर्यंत सावकाश फुगवायला सांगावे. बुडबुड्यांची धार लागली तर तिथे टाकाच हवा. कापलेल्या श्वासनलिकेच्या टोकातून हवा येत असेल तर सीलंटवर विसंबणे धोक्याचे आहे. पृष्ठभागावरून बारीक बुडबुडे पाझरत असतील, तर तीच सीलंटची खरी जागा.

सलाइन शोषून घेऊन ती जागा टिपून कोरडी करावी, कारण ओल्या किंवा रक्ताळलेल्या पृष्ठभागावरून थर सरकतो. फायब्रिन ग्लूमध्ये फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही रक्त गोठवणारी दोन प्रथिने पिचकारीच्या टोकाशीच एकत्र येऊन गोठतात. मध्येच थांबलात तर टोक तुंबते, म्हणून जास्तीचे टोक टेबलावर असू द्यावे. वायूच्या दाबाने फवारताना उत्पादकाने सांगितलेले अंतर आणि दाब काटेकोरपणे पाळावेत, नाहीतर वायू रक्तवाहिनीत शिरू शकतो. फायब्रिनोजेन-थ्रॉम्बिनचा पॅच वापरत असाल तर त्याची पिवळी बाजू जखमेकडे ठेवावी, कडेने 1 ते 2 सेंटीमीटर जास्त झाकावे आणि ओल्या गॉझने किमान 3 मिनिटे दाबून धरावे. हातमोज्यांवरचे रक्त आधीच धुवावे. ते राहिले तर पॅच फुप्फुस सोडून बोटांना चिकटतो, आणि हे हमखास घडते. गॉझ हळूच एका कडेने उचलून पुन्हा सौम्य दाबाने तपासणी करावी.

सीलंट लावले म्हणून हवा बाहेर काढण्यासाठी छातीत बसवलेल्या नळीकडे दुर्लक्ष नको. रोज रुग्णाला खोकायला सांगून नळीला जोडलेल्या बाटलीतले बुडबुडे पाहावेत. गळती 5 दिवसांनंतरही टिकली आणि फुप्फुस पूर्ण फुगलेले असेल, तर रुग्णाचेच 50 ते 100 मिलिलिटर रक्त काढून निर्जंतुक पद्धतीने लगेच नळीतून सोडता येते. हा बिनखर्चाचा जैविक सीलंटच आहे. त्यानंतर नळीला चिमटा न लावता तिचा वळसा रुग्णाच्या वर टांगावा, म्हणजे रक्त आत राहते आणि हवेला वाट मिळते.